पांघरुणांची पेटी : घरच्या घरी आणि जपून

रायपुरात थंडीचा मुक्काम मोजकाच असतो. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ती येते आणि फेब्रुवारी सरता सरता निरोप घेते. वर्षातील उरलेले आठ-नऊ महिने घरातील रजया, दुलया, घोंगड्या आणि सोलापुरी चादरी वापरात नसतात; त्या केवळ सांभाळायच्या असतात. या काळात हवा मात्र सारखी नसते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवेतील ओलावा पार आटतो. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा इतकी दमट होते की कपाटातील कपड्यांना वास येऊ लागतो. पांघरुणांची खरी परीक्षा थंडीत होत नाही, ती या दोन ऋतूंत होते.

तेलीबांध्यासारख्या वस्तीत आता तलावाभोवती सदनिकांच्या इमारती उभ्या आहेत. माळा गेला, अडगळीची खोली गेली, आणि पांघरुणे पलंगाखालच्या कप्प्यात अथवा प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली जाऊ लागली. अशा घरात पायथ्याशी ठेवता येईल, वेळप्रसंगी बसायला उपयोगी पडेल आणि आतील वस्तू कोरडी राखील अशी लाकडी पेटी हे सोयीचे साधन ठरते. सुट्टीच्या दिवसांत आणि साध्या हत्यारांनी ती घरीही करता येते. मात्र तिच्या बांधणीत तीन निर्णय असे आहेत, की ते चुकले तर उत्तम लाकूड आणि सुबक नक्षी दोन्ही व्यर्थ जातात. लाकूड पुरते वाळलेले हवे, त्याला हलायला जागा हवी, आणि झाकण आतूनही उघडणारे हवे. यातील तिसरा निर्णय तर थेट जीविताशी निगडित आहे.

पेटारा, ट्रंक आणि पेटी

महाराष्ट्रातील जुन्या घरांतून फडताळ, पेटारा आणि पेटी ही साठवणीची नेहमीची साधने असत. लग्नात मुलीच्या रुखवताबरोबर पेटी देण्याची रीत अनेक घराण्यांत होती. ही कल्पना केवळ आपलीच नाही. इटलीत नवरीसाठी रंगविलेल्या ‘कासोने’ नावाच्या पेट्या करीत, तर अमेरिकेत मुलीच्या भावी संसारासाठी कापडचोपड साठविण्याच्या पेटीला ‘होप चेस्ट’ म्हणजे आशेची पेटी असे नाव पडले.

मराठी माणसांचा या भूमीशी संबंध जुना आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली आणि बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून १७५८ ते १७८७ या काळात येथील कारभार पाहिला. पुढे १९५६ पर्यंत छत्तीसगड आणि विदर्भ एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. नोकरी, वकिली, शिक्षण आणि रेल्वे यांच्या निमित्ताने रायपुरात स्थिरावलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे सामान पत्र्याच्या ट्रंकांतून आले. ट्रंक टिकाऊ खरी. पण पत्रा ओलावा शोषीत नाही. पावसाळ्यात रात्री पत्रा थंड झाला की आतील दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि तेच पांघरुणात उतरते. लाकूड मात्र हवेतील थोडा ओलावा स्वतःत घेते आणि हवा कोरडी झाली की परत सोडते. लाकडी पेटीचा खरा गुण हा आहे.

लाकूड कोणते निवडावे?

रायपूरच्या आसपास लाकडाची वानवा कधीच नव्हती. १९०० साली रायपूर-धमतरी ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची गाडी सुरू झाली आणि तेलीबांधा हे तिचे एक स्थानक होते. धमतरीपलीकडच्या सालवनांतील लाकूड याच मार्गाने शहरात येत असे. २०१७ च्या सुमारास या मार्गाचा शहराकडील भाग बंद झाला आणि रुळांच्या जागेवर आता द्रुतगती रस्ता आहे. ती गाडी गेली, परंतु साल हा छत्तीसगडचा राज्यवृक्ष आहे आणि साल व सागवान या दोन्ही वृक्षांची वने या राज्यात आहेत.

पेटीसाठी सागवान सर्वांत भरवशाचे. ते ऋतुमानाप्रमाणे कमी आकसते, त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही आणि त्यावर रंधा सहज चालतो. फळी निवडताना सोनेरी-तपकिरी गाभ्याचीच घ्यावी. खोडाच्या बाहेरील फिकट थराला वाळवी आणि भुंगे दोन्ही लागतात, मग झाड सागाचे असले तरीही. साल टिकण्यात कमी नाही, पण तो जड आहे, वाळताना पीळ घेतो आणि खिळ्याला सहज दाद देत नाही. नवख्या हाताने त्याच्या वाटेस जाऊ नये. बिजा, म्हणजे महाराष्ट्रातील बिबळा, मजबूत असतो. परंतु ओला झाल्यास त्याचा पिवळसर रंग कापडाला लागतो, म्हणून पांढऱ्या चादरींच्या सान्निध्यात तो नको. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, मात्र बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाची प्रक्रिया केल्याविना ते पोखरले जाण्याची भीती असते.

लाकूड घेताना पक्की पावती मागून घ्यावी. वनोपजाच्या वाहतुकीवर वनखात्याचे नियंत्रण असते. पावतीवाचून घेतलेली फळी स्वस्त पडली तरी तिचे मूळ संशयास्पद राहते.

त्यानंतरचा प्रश्न कोरडेपणाचा. एक इंच जाडीची फळी उघड्या हवेत नीट वाळायला साधारण एक वर्ष लागते, असा सुतारांचा जुना ठोकताळा आहे. बाजारातील फळी किती वाळलेली आहे हे नजरेला कळत नाही. तिचा एक लहान तुकडा कापून दर आठवड्याला वजन करावे आणि वहीत नोंदवावे. दोन-तीन आठवडे वजन स्थिर राहिले, तर फळी घरातील हवेशी एकरूप झाली असे समजावे. तोवर फळ्या घरातच, मध्ये पट्ट्या ठेवून, एकावर एक रचून ठेवाव्यात.

मापे आणि हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. आधी घरातील सर्वांत जाड रजई घडी करून मोजावी, मग पेटीचे माप ठरवावे. चार जणांच्या कुटुंबाला बाहेरून ४८ इंच लांब, २० इंच रुंद आणि पायांसह २२ इंच उंच अशी पेटी पुरेशी होते. तिच्या भिंती १८ इंच उंच असतात आणि आत सुमारे साडेआठ घनफूट जागा मिळते.

लाकडाचा हिशेब घनफुटांत होतो. लांबी, रुंदी आणि जाडी इंचांत मोजून गुणाकार करावा आणि १,७२८ ने भागावे. रंधा मारून पाऊण इंच, म्हणजे सुताराच्या भाषेत सहा सूत, जाडी उरावी यासाठी खरेदी एक इंच जाडीची धरावी लागते. पुढची आणि मागची बाजू (४८ × १८ इंच, दोन नग) मिळून नेमके एक घनफूट होते. आखूड बाजू (२० × १८, दोन नग) ०.४२ घनफूट, झाकण (५० × २१) ०.६१ घनफूट, तळाच्या पट्ट्या सुमारे ०.३७ आणि पाय व आडव्या पट्ट्या मिळून पाव घनफूट. बेरीज सुमारे २.६५ घनफूट. कापणी आणि तुकड्यांतील नासधूस वीस ते पंचवीस टक्के धरली, तर सव्वातीन ते साडेतीन घनफूट लाकूड घ्यावे. १८ इंच रुंद अखंड फळी मिळणे कठीण. सहा-सहा इंचांच्या तीन फळ्या कडेला कड लावून चिकटविणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. फळ्यांच्या कडा लाकूडबाजारातील यंत्रावर सरळ करून घेतल्या, तर घरच्या कामाचे अर्धे कष्ट वाचतात.

खर्च कमी करायचा असेल, तर जलरोधक प्लायवूडचा पर्यायही आहे. येथे हिशेबाची एक गंमत दिसते. सर्व भागांचे क्षेत्रफळ मिळून ४,३५८ चौरस इंच भरते आणि ८ × ४ फुटी एका शीटचे ४,६०८. कागदावर सारे एकाच शीटमध्ये बसायला हवे. प्रत्यक्षात आखायला घेतले की तळाचा भाग बाहेर राहतो. तळ वेगळ्या पट्ट्यांचा केला, तर उरलेले पाच भाग एका शीटमध्ये निघतात. करवतीच्या जाडीइतकी लांबी तेवढी कमी करावी लागते. म्हणून शीट विकत घेण्यापूर्वी कापणीचा आराखडा कागदावर प्रमाणात काढून पाहावा.

लाकडाला हलायला जागा

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. सागासारख्या शांत लाकडाची १८ इंच रुंद फळीदेखील उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान सुमारे पाच मिलिमीटर हलू शकते. हे हलणे खिळ्यांनी वा डिंकाने थांबविता येत नाही. थांबविण्याचा प्रयत्न केला की फळी तडकते. घरी केलेल्या पेट्या दोन-तीन वर्षांत बिघडण्याचे मुख्य कारण हेच असते.

यावर उपाय साधे आहेत. चारही भिंतींचे तंतू आडवे ठेवावेत, म्हणजे सर्व भिंती उंचीत एकदमच वाढतात आणि एकदमच कमी होतात. कोपऱ्यांवर ताण येत नाही. तळ अखंड न करता पट्ट्यांचा करावा आणि दोन पट्ट्यांमध्ये एक सूत फट ठेवावी. झाकणाखाली बाक येऊ नये म्हणून ज्या दोन आडव्या पट्ट्या लावतात, त्या चिकटवू नयेत. त्यांतील मधला स्क्रू घट्ट बसवावा आणि कडेच्या स्क्रूंसाठी लांबट छिद्रे पाडावीत, म्हणजे झाकणाला दोन्ही बाजूंना सरकता येते.

पेटी कोणत्या महिन्यात बांधली यालाही महत्त्व आहे. मे महिन्यात बांधलेली पेटी पावसाळ्यात फुगते, म्हणून फटी किंचित मोकळ्या ठेवाव्यात. ऑगस्टमध्ये बांधलेली पेटी पुढच्या उन्हाळ्यात आकसते, म्हणून त्या बेताच्याच ठेवाव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरची मध्यम हवा या कामास सर्वांत सोयीची.

कोपऱ्यांच्या सांध्यात डव्हटेल सर्वश्रेष्ठ. त्याचे दाते टोकाकडे पारव्याच्या पिसाऱ्याप्रमाणे रुंदावत जातात आणि एकमेकांत अडकतात. मात्र त्यासाठी हात बसलेला हवा. नवख्याने लांब फळ्यांच्या टोकांना आतून खाच पाडावी, आखूड फळी त्या खाचेत बसवावी आणि चिकटद्रव्याबरोबर प्रत्येक कोपऱ्यात चार-पाच स्क्रू अथवा लाकडी खुंट्या द्याव्यात. सागवान तेलकट असल्याने चिकटविण्यापूर्वी सांधा स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्यावा, अन्यथा पकड कच्ची राहते.

चौकट काटकोनात आहे की नाही, हे पाहण्यासाठी दोन्ही कर्ण मोजतात. ते समान भरले म्हणजे चौकट बरोबर. ४८ आणि २० या मापांची निवड येथे उपयोगी पडते, कारण त्यांचा कर्ण नेमका ५२ इंच येतो. फीत दोन्ही तिरप्या दिशांनी लावावी. दोन्हीकडे ५२ दिसले की क्लॅम्प आवळावेत. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू जुळल्यावर वही मिटावी, तसेच हे. फरक दिसत असतानाच पुढे गेले, तर झाकण कधीच नीट बसत नाही.

झाकण : जिवाचा प्रश्न

पेटीच्या आतील पोकळी सुमारे ४६ इंच लांब आणि १८ इंच रुंद आहे. या आकड्यांकडे पालकांच्या नजरेने पाहिले, तर धोका ध्यानात येतो. लपंडाव खेळणारे मूल अशा जागेत आरामात मावते, आणि झाकण मिटून कडी बसली की त्याचा आवाज बाहेर येत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील लेन कंपनीच्या देवदारी पेट्या पिढ्यान्‌पिढ्या लोकप्रिय होत्या. झाकण मिटताच त्यांची कडी आपोआप बसे आणि ती केवळ बाहेरूनच उघडता येत असे. आत अडकून मुले गुदमरल्याच्या घटना पुढे आल्यावर १९९६ मध्ये १९१२ ते १९८७ या काळात तयार झालेल्या सुमारे एक कोटी वीस लाख पेट्यांची कुलपे बदलून देण्याची मोहीम जाहीर झाली. तरीही जुन्या पेट्या घराघरांत राहिल्याच. जानेवारी २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रँकलिन या गावी दोन लहान भावंडे अशाच पेटीत मृत्युमुखी पडली. मोहिमेला तेव्हा जवळजवळ अठरा वर्षे होत आली होती.

यातून घरच्या बांधणीसाठी चार नियम निघतात.

पहिला, पेटीला आपोआप बसणारी कडी, कोयंडा वा कुलूप लावू नये. पांघरुणांना चोराची भीती नसते; मौल्यवान वस्तूंची जागा वेगळी आहे. जुनी पेटी वापरात असेल, तर तिचा कोयंडा आजच काढून टाकावा.

दुसरा, हवेसाठी छिद्रे ठेवावीत. खेळण्यांच्या पेट्यांसाठीच्या परदेशी सुरक्षा-मानकांनुसार अशा बंद जागेला किमान दोन छिद्रे असावीत, प्रत्येकाचे क्षेत्रफळ किमान ६५० चौरस मिलिमीटर असावे आणि त्यांत किमान १५० मिलिमीटर अंतर असावे. दोन्ही आखूड बाजूंना सव्वा इंच व्यासाचे एकेक छिद्र पाडले, तर ही अट पुरी होते. छिद्रांना आतून बारीक धातूची जाळी लावावी, म्हणजे झुरळे आणि उंदीर दूर राहतात. छिद्रे भिंतीला टेकणार नाहीत अथवा पांघरुणांनी झाकली जाणार नाहीत, याकडे लक्ष द्यावे. याच छिद्रांमुळे पांघरुणांनाही हवा मिळते.

तिसरा, झाकण अचानक पडता कामा नये. सागवानी झाकणाचे वजन आठ किलोंच्या घरात जाते. ते मुलाच्या बोटांवर किंवा मानेवर पडले तर गंभीर इजा होते. झाकण कोणत्याही कोनात सोडले तरी ते तेथेच थांबावे किंवा अगदी सावकाश उतरावे, असा ‘सॉफ्ट-क्लोज’ आधार दोन्ही बाजूंना बसवावा. दुकानदाराला झाकणाचे वजन आणि रुंदी सांगूनच तो निवडावा.

चौथा, पुढच्या भिंतीच्या वरच्या कडेला मध्यभागी चार इंच लांब आणि एक इंच खोल खाच ठेवावी. झाकण मिटले तरी तेथे हाताची बोटे येत नाहीत आणि हवेला आणखी एक वाट मिळते. बिजागरी मात्र पूर्ण लांबीची, पियानो पद्धतीची घ्यावी. तिच्यामुळे वजन सारखे विभागले जाते.

लाखेचा हात

छत्तीसगड हे लाखेच्या उत्पादनातील देशातील प्रमुख राज्यांपैकी एक आहे. कुसुम, पळस आणि बोर या झाडांवर वाढणाऱ्या कीटकांपासून ती मिळते. पेटीच्या आतील बाजूस लाखेइतके योग्य आवरण नाही. एक लिटर स्पिरिटमध्ये सव्वाशे ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजवून विरघळवावी, कापडाने गाळावी आणि तिचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. ती लवकर वाळते आणि वाळल्यावर वास राहत नाही. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि विस्तवापासून दूर करावे.

जवसाचे तेल पेटीच्या आत लावू नये. बंद जागेत त्याचा खवट वास वर्षानुवर्षे पांघरुणांना येत राहतो. बाहेरून ते चालते, परंतु तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ठेवल्यास ती आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून टाकावीत.

पेटी भरताना

कसर लोकरीवर जगते, आणि मळलेल्या लोकरीकडे ती अधिक ओढली जाते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये पांघरुणे धुऊन, कडक उन्हात दोन दिवस वाळवून आणि पुन्हा सावलीत गार करूनच आत ठेवावीत. चादरींना खळ देऊन ठेवू नये; खळीतील पिष्ठ खाणारे कीटकही असतात. घोंगड्या आणि लोकरी वस्तू तळाशी, सुती चादरी मध्ये आणि रजया वर, असा क्रम ठेवावा. रुईवर भार पडला की ती दबते. तळाशी जुने धुतलेले सुती कापड अंथरावे.

डांबरगोळ्यांचा वापर आपल्याकडे सर्रास होतो. ज्या बालकांत जी-६-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेने फुटू शकतात. ही कमतरता असल्याचे अनेकदा आधी कळतही नाही. घरात तान्हे मूल असेल, तर त्याच्या दुपट्यांजवळ या गोळ्या मुळीच नकोत. वेखंडाचे तुकडे आणि सावलीत वाळविलेला कडुनिंबाचा पाला पातळ कापडाच्या पुरचुंडीत ठेवण्याची जुनी पद्धत निर्धोक आहे. ती गोळ्यांइतकी प्रभावी नसली, तरी धुणे आणि ऊन यांच्या जोडीने काम भागते.

पेटी भिंतीपासून दोन इंच दूर ठेवावी. पावसाळ्यात पंधरवड्यातून एकदा, कोरड्या दिवशी, तिचे झाकण तासभर उघडे ठेवून मोठ्या माणसाने जवळ थांबावे. झाकणाच्या आतील बाजूस पेटी बांधल्याचा महिना आणि वर्ष, लाकडाचे नाव आणि आत ठेवलेल्या पांघरुणांची यादी चिकटवावी. कोणती गोधडी कोणत्या लुगड्यांची आहे, हे ठाऊक असणारी माणसे घरात नेहमीच राहत नाहीत; यादीत तेही लिहून ठेवावे.

घरात मुले असतील, तर पेटी पूर्ण झाल्यावर ती भरण्यापूर्वी एकदा त्यांना दाखवावी आणि हिच्यात लपायचे नाही, हे स्पष्ट सांगावे. सांगणे पुरेसे नाही, हे गृहीत धरूनच वरची छिद्रे आणि बिनकडीचे झाकण ठेवलेले असते.